शुक्रवारचा डबा आणि एकशेवीस मैल

शनिवार, ८ एप्रिल २०००. सकाळी ८.१०, ऑफिस.

डायरी सुरू. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एसी डक्टच्या कॅटलॉगखाली राहील. घरी नेणार नाही. लपवायचं म्हणून नव्हे, घरी जागा कमी आहे म्हणून.

विषय असा, की माझ्याकडे एक गाडी आहे. घरची पांढरी कोरोला सोडून. अमेरिकन, १९७० चं मॉडेल, दोन दरवाजे, व्ही-एट इंजिन, बॉनेटवर फुगवटा. कंपनी कुठली ते लिहीत नाही. आमचे ब्रिटिश साहेब मायदेशी गेले तेव्हा ती अल कुसैसच्या गॅरेजात अर्धवट उघडून ठेवलेली होती. मी घेतली. किती दिरहमला तेही लिहीत नाही. रुपयांत तर मुळीच नाही.

अर्चनाला अजून सांगितलेलं नाही. आज संध्याकाळी सांगणार.

संकल्प: या गाडीचा टॉप स्पीड काढायचा. अमेरिकन मासिकात लिहिलंय, नीट मॉडिफाय केली तर ताशी १४० मैल. म्हणजे २२४ किलोमीटर. चव्वेचाळीस वर्षांच्या स्टोअर इन्चार्जने आयुष्यात एकदा तरी एवढा वेग बघायला हवा. एकदा बघितला की गाडी विकून टाकायची. खलास.

काल आखातातली शुक्रवारची सुट्टी, म्हणून सकाळी चालत गॅरेजात गेलो. घरापासून दहा मिनिटं. नागेश मेकॅनिक बेळगावचा, हात सोन्याचा. गणू पेंटर कुडाळकडचा, पन्नाशीचा, अबोल. हा गणू धैद रोडवरच्या लेबर कॅम्पात राहतो. जाताना म्हणाला, साहेब, एक पत्र लिहून द्याल का? त्याची मुलगी प्रज्ञा बारावीला आहे, तिला नर्सिंगला जायचंय. घर चालतं थोरल्या भावाच्या शब्दाने आणि भावाचा नर्सिंगला नकार. गणूला लिहिता येतं, पण त्याच्या पत्राला भाऊ किंमत देत नाही. साहेबी मराठीतलं वजनदार पत्र गेलं तर ऐकेल म्हणतो. जून अखेरपर्यंत फॉर्म भरायचाय.

जून अखेर म्हणजे पुष्कळ वेळ आहे. पुढच्या शुक्रवारी देतो म्हटलं.

रविवार, ९ एप्रिल. सकाळी ८.०५.

सांगणार होतो. अर्चनानेच विचारलं, शुक्रवारी सकाळी कुठे होतात? तोंडातून निघून गेलं, गणू म्हणून एक आहे, त्याच्या धैद रोडवरच्या कॅम्पावर. पत्र लिहून द्यायला.

यात खोटं फारसं नाही. गणू आहे, पत्र आहे आणि कॅम्पही आहे. मी तेवढा तिथे नव्हतो.

अर्चनाचे डोळे भरून आले. तिचे वडील प्राथमिक शिक्षक. ते गावात दर रविवारी ओट्यावर बसून लोकांची पत्रं लिहून द्यायचे म्हणे. लग्नाला पंधरा वर्षं झाली, माझ्याकडे अशा नजरेने तिने कधी पाहिलं नव्हतं. अशा वेळी माणसाने कार्बोरेटरबद्दल काय बोलावं?

दर शुक्रवारी जात जा म्हणाली.

शनिवार, १५ एप्रिल. सकाळी ८.२०.

अर्चनाने डबा दिला. कॅम्पातल्या माणसांसाठी रव्याचे लाडू, तीस. स्टीलचा मोठा डबा, झाकण जरा सैल. कॅम्पची पिकअप मला कोपऱ्यावर न्यायला येते असं सांगून ठेवलंय, त्यामुळे कोरोला घरीच. मी डबा घेऊन चालत गॅरेजात.

डबा गणूकडे द्यायचा विचार होता. पण गणू रंगाच्या खोलीत होता आणि इंजिन सुरू होईपर्यंत थांबणं भाग होतं. नागेशने दोन खाल्ले. मी सहज एक घेतला.

संध्याकाळी रिकामा डबा पाहून अर्चना खूश. मी अपचनाची गोळी घेतली.

शनिवार, २९ एप्रिल. सकाळी ८.१५.

ऐतिहासिक दिवस. काल गाडी रस्त्यावर आली. नवा चार तोंडांचा कार्बोरेटर, मागे रुंद टायर, मोठा सायलेन्सर. सायलेन्सर या शब्दाचा त्याच्याशी संबंध नाही. एसी नाही, तो काढल्यानेच वजन कमी होतं असं मासिक म्हणतं. घामाने माझंही झालं.

जुना स्पीडोमीटर अडकलेला होता. नागेशने भंगारातून दुसरा आणून बसवला आणि गणूने त्याचा चेहरा काळा रंगवून नुसते आकडे पांढऱ्या रंगात काढले. अक्षर मोत्यासारखं. आकडे २२० पर्यंत. २२० मैल म्हणजे ३५२ किलोमीटर. एवढ्यावर विमान उडत असेल.

धैद रोडवर नेली. काटा ९० ला टेकला. १.६ ने गुणलं. १४४ किलोमीटर! पुन्हा गुणून पाहिलं. कोरोला १२० च्या वर गेली की टिंग टिंग करत कानाशी बसते, तसला जाच इथे नाही.

गणूने पत्राचं पुन्हा विचारलं. त्याच्याकडे नवा कागद नव्हता आणि माझे हात ग्रीसचे. पुढच्या शुक्रवारी नक्की.

डबा: बेसन लाडू. लिहीत नाही किती.

बुधवार, ३ मे. दुपारी १.

अर्चना ड्रायव्हिंग टेस्टमध्ये पाचव्यांदा नापास. यावेळी पार्किंगमध्ये ड्रमला धक्का. तिला शिकवणाऱ्या मैमुनाबी तिच्याहून जास्त रडल्या. मी धीर दिला. म्हटलं, तुला लायसन्स हवंय कशाला? मी आहे ना.

आता खरं लिहितो, कारण हे कोणी वाचणार नाही. ती नापास झाली तेव्हा मला हायसं वाटलं. गाडी चालवायला लागली तर म्हणेल, चला, मीच सोडते कॅम्पवर. असं वाटून घेणारा माणूस चांगला नव्हे. रात्री भांडी मी घासली. तिने कारण विचारलं, मी नळ मोठा केला.

शनिवार, १३ मे. सकाळी ८.१०.

काल १०५. म्हणजे १६८. धैद रोडवरच्या रडारसमोरून पूर्ण वेगात गेलो आणि फ्लॅश पडला नाही! ऑफिसात धनंजयला नाव न घेता विचारलं, की एखादी गाडी १६८ ने गेली तर रडार काय करतं? तो म्हणाला, फोटो काढतं, दुसरं काय करणार? मग माझा का काढला नाही? एकच अर्थ निघतो. त्या यंत्राला इतका वेग पकडता येत नसावा.

एका बकऱ्यांच्या पिकअपने मला मागे टाकलं. १६८ वर! मागे सात-आठ बकऱ्या उभ्या, निवांत, एक तर माझ्याकडे बघत होती. या लोकांना जिवाची पर्वा नाही.

घरी आलो तर अर्चना बाल्कनीत. म्हणाली, दर शुक्रवारी सकाळी एक राक्षस गाडी काढतो मागच्या रस्त्यावर, घराच्या काचा थरथरतात. कोण असेल हो तो रिकामटेकडा? मी म्हटलं, अशांना आत टाकलं पाहिजे. जरा जास्तच जोरात म्हटलं.

अस्मी अकरा वर्षांची, सगळीकडे नाक. म्हणाली, "बाबा, यू स्मेल ऑफ पेट्रोल." कॅम्पात स्टोव्ह असतात असं सांगितलं. तिने मान डोलावली, पण ती मान मला आवडली नाही.

शनिवार, २७ मे. सकाळी ८.३०.

काल ११५. म्हणजे १८४. हवा बेचाळीस डिग्री, सीटला पाठ चिकटली. इंजिनाचं पाणी एकदा उकळलं. त्याच बकऱ्यांच्या पिकअपवाल्याने थांबून पाण्याचा कॅन दिला. शुक्रन म्हटलं. एवढा बेफाम चालवणारा माणूस, पण मनाने चांगला.

गणूने काल विचारलं नाही. फक्त माझ्याकडे पाहिलं आणि बॉनेटवरून फडकं फिरवत राहिला. विचारलं असतं तर बरं झालं असतं, कारण उत्तर तयार होतं.

डबा: शंकरपाळे. अर्धे गणूला द्यायचे असं पक्कं ठरवलं होतं. रडारच्या पुढे गाडी थंड करायला तास गेला, तोंड चाळवायला काहीतरी लागतंच.

अर्चना म्हणाली, माझे दादा (म्हणजे तिचे वडील) असते तर तुमच्या पाठीवरून हात फिरवला असता. जेवण गेलं नाही. पोटात जागाही नव्हती.

शनिवार, १० जून. सकाळी ८.०५.

गणूची मुलगी पास, बासष्ट टक्के. गॅरेजात त्याने पेढे वाटले. भाऊ अजून नाहीच म्हणतोय. फॉर्म तीस तारखेला बंद. पत्र पोचायला दहा-बारा दिवस लागतात, हे गणू बोलला नाही. मला माहीत आहे.

आज लिहायचंच. ऑफिसचा लेटरपॅड काढला. "तीर्थरूप" की "सप्रेम नमस्कार", यावर अडलो. मी गणूच्या भावाहून लहान की मोठा, हे ठाऊक नाही. उद्या विचारतो.

रविवार, ११ जून.

विचारायचं राहिलं.

शनिवार, १७ जून. सकाळी ८.२०.

काल ११८. मासिकातले १४० या गाडीला झेपणार नाहीत, मी १२० वर समाधान मानायचं ठरवलंय. शेवटचे दोन मैल राहिलेत १२० ला. ते झाले की सगळं नीट करणार. पुढच्या शुक्रवारी सकाळी १२०, तिथूनच पुढे कॅम्पावर (त्या दिवशी गणूलाही सुट्टी आहे), गणूचं पत्र आणि संध्याकाळी अर्चनाला सगळं सांगणार. या क्रमाने. क्रम महत्त्वाचा. अपूर्ण काम घेऊन माणूस क्षमा मागायला गेला तर क्षमाही अपुरी मिळते.

हे वाक्य चांगलं झालंय. अर्चनाला सांगताना वापरायचं.

मंगळवारी तिची सहावी टेस्ट. तिला शुभेच्छा दिल्या. मनापासून दिल्या का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

मंगळवार, २० जून. संध्याकाळी ५.

अर्चनाला फोन केला. टेस्टचं विचारलं, तर म्हणाली, नेहमीसारखंच. आवाज शांत होता. मी म्हटलं, जाऊ दे. बिचारी. भाजी घेऊन जाईन.

शुक्रवार, २३ जून. दुपारी ३. धैद रोड, कॅम्पच्या भिंतीच्या सावलीत.

डायरी आज बरोबर आणली होती, १२० ची नोंद जागच्या जागी करायला. नोंद करतो.

सकाळी अर्चनाने डबा दिला नाही. म्हणाली, आज काही केलं नाही. मला वाईट वाटलं, सुटल्यासारखंही वाटलं. साडेसातला गाडी काढली. काटा १००, ११०, ११५. बॉनेट थरथरायला लागलं. ११८. मग १२०! १२० मैल. १९२ किलोमीटर. मी ओरडलो. एकटाच होतो.

मागून एक पांढरी कोरोला आली. उजव्या-डाव्या बाजूला नीट बघून, इंडिकेटर देऊन, तिने मला ओव्हरटेक केलं.

आधी फक्त मागच्या काचेतला डबा दिसला. स्टीलचा, मोठा. मग मागच्या सीटवरची अस्मी. तिने माझ्याकडे बघून हात हलवला. मग नंबर प्लेट वाचली. आमचीच.

पहिला विचार हा आला, की अर्चनाला बोलायला हवं. नवशिकी बाई, मंगळवारीच पास झाली असणार, लायसन्स मिळाल्याला तीन दिवस झाले नसतील, मागे पोटची मुलगी आणि गाडी दोनशेने हाकतेय! बेजबाबदारपणाची हद्द झाली. हा राग मी अर्धा किलोमीटर धरून ठेवला.

मग वाटलं, कोरोला दोनशेने जात नाही.

पुढचा विचार केला नाही. कारण एवढ्यात दुसरं कळलं. या रस्त्यावर ती डबा घेऊन एकाच ठिकाणी जात असणार. मला चकित करायला. मी जिथे दर शुक्रवारी बसून पत्रं लिहितो तिथे.

अडीच महिने मी वेग कशासाठी हवा ते सांगू शकलो नसतो. आज सांगता आलं असतं. फक्त बारा किलोमीटर, तिच्या आधी पोचायचं होतं. पाय पूर्ण दाबला. काटा १२० वरच. गाडी घरंगळणाऱ्या पिंपासारखी आवाज करत होती आणि कोरोला लहान होत चालली होती. मग बॉनेटमधून वाफ आली आणि सगळं थांबलं.

बकऱ्यांची पिकअप आली. त्याने दोरी काढली. मी कॅम्पावर पोचलो तो असा, दोरीने ओढला जात, पुढे सात बकऱ्या माझ्याकडे तोंड करून.

गणूच्या खोलीत बारा खाटा. मधल्या खाटेवर अर्चना, मांडीवर पाट, पाटावर कागद. बाजूला अस्मी पाकिटांवर तिकिटं चिकटवत होती. डबा उघडा, माणसं रांगेत. मला तिथे कोणी ओळखलं नाही. एकाने विचारलं, पत्र लिहून घ्यायचंय काय? मागे उभे राहा.

गणू उठला. त्याने माझ्या चुकीवर पांघरूण घालायचा प्रयत्न केला, हे मी मरेपर्यंत विसरणार नाही. अर्चनाला म्हणाला, "वैनीनू, साहेब लिवन देणार होते. येळ गावाक नाय तेंका." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आज तरी इलात."

अर्चनाने वर पाहिलं. घाम, ग्रीस, गॉगल, कपाळाला काळा पट्टा. तिने पेनचं टोपण लावलं नाही. एकच विचारलं, "लाडू तरी कोणी खाल्ले?"

"मी," म्हटलं. मग पुढे जोडलं, "नागेशनं दोन."

ती पुन्हा लिहायला लागली. मी बाहेर येऊन भिंतीला बसलो. लाज वाटते आहे. दुसरा शब्द नाही.

शनिवार, २४ जून. सकाळी ७.४०, ऑफिस.

काल परत येताना कोरोलात मागे बसलो. सगळं सांगितलं. साहेब, गाडी, कार्बोरेटर, रडार. तयार ठेवलेलं वाक्य वापरलं नाही. तरी शेवटी राहवलं नाही आणि सांगून टाकलं, की आज १९२ ने चालवली.

अर्चना म्हणाली, "मग मी किती होते?"

तिला माहीत नव्हतं. मीटरकडे बघायचं धाडस झालं नव्हतं म्हणे, नजर रस्त्यावर ठेव असं मैमुनाबींनी बजावलं होतं. फक्त मागून टिंग टिंग येत होतं. तिला वाटलं, डब्याचं झाकण वाजतंय.

घरी जायच्या आधी गॅरेजात उतरलो. नागेशला विचारलं, मीटर कुठल्या गाडीचा? म्हणाला, भंगारातल्या टॅक्सीचा, इथल्याच. इथे मैल कुठून येणार साहेब?

म्हणजे ९० म्हणजे नव्वद. १०५ म्हणजे एकशे पाच. रडारने बरोबर केलं. बकऱ्यांनीही. सोळा वर्षं दिरहमचे रुपये करतोय, हल्ली बाराने गुणून, दूध घेताना, चप्पल घेताना. आकडा दिसला की हात गुणतोच. आयुष्यात ही एकच गोष्ट होती जी गुणायची नव्हती.

अर्चनाने गणूच्या भावाला लिहिलेलं पत्र माझ्याकडे दिलंय. चार पानं, अक्षराचं वळण तिच्या वडिलांचं. पोस्टाने पोचणार नाही, कुडाळच्या एसटीडी बूथवर फॅक्स करायचंय, तेवढंच काम माझ्यावर. ऑफिस उघडायच्या आधी आलो. पहिल्यांदा पानं उलटी टाकली, चार कोरी पानं कुडाळला गेली. बूथवाल्याचा फोन आला. पुन्हा टाकली. फोन करून खात्री केली. मग अजून एकदा केली.

मायना वाचला. "आदरणीय भाऊ," एवढंच आहे. इतकं सोपं होतं.

शनिवार, १ जुलै. घरी.

डायरी घरी आणली. लपवण्यासारखं आत काही उरलं नाही.

काल गणूला गावाहून फोन. भावाने सही केली, फॉर्म गेला. शेवटच्या दिवशी, दुपारी. गणूने गावचा निरोप दिला, पत्र लिहिणाऱ्या ताईंना नमस्कार सांगा. सांगितला.

अर्चना बोलते. जेवायला वाढते. फक्त लाडू करत नाही.

शनिवार, ८ जुलै. घरी.

काल कॅम्प. आता दर शुक्रवारी. अर्चना पत्रं लिहिते, अस्मी तिकिटं चिकटवते, मला पत्ते लिहायला दिलेत. दोन चुकले. पिन कोड तपासायला गणू बसतो.

अमेरिकन गाडी नागेशकडे आहे. विकायची म्हटलं, तर तो म्हणाला, घेणारा पहिल्यांदा टॉप स्पीड विचारेल. मी आकडा सांगितला. नागेश म्हणाला, तो नका सांगू.

जाताना अर्चना चालवत होती, अस्मी पुढे. धैद रोडवर टिंग टिंग सुरू झालं. मी मागून म्हटलं, "अगं, एकशेवीस झाले."

"किलोमीटर ना?" अर्चना म्हणाली. अस्मी खिदळली. आरशात अर्चनाही हसल्यासारखी वाटली, पण नक्की सांगता येणार नाही.

डबा माझ्या मांडीवर होता. बेसनाचे, तिने सकाळीच वळलेले, वास येत होता. कॅम्प येईपर्यंत झाकणावर दोन्ही हात ठेवून बसलो.